फायर इन्स्पेक्शनला एआर कोणी वापरतंय का?

ठाणे_फायर
नमस्कार मंडळी, मी लायसन्स असलेल्या फायर एजन्सीत आहे, जानेवारी आणि जुलै आला की फॉर्म बी साठी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याच्या सहामाही दाखल्यासाठी, सोसायट्यांची नुसती रांग. अजून सगळं कागदी चेकलिस्टवर चालतं. आता साहेब म्हणतायत टॅबवर एआर (ऑगमेंटेड रिॲलिटी, कॅमेऱ्यातल्या दृश्यावरच खुणा दाखवणारं) ॲप घेऊ, कॅमेरा धरला की हायड्रंट, डिटेक्टर, फॉल्स सीलिंगवरची स्प्रिंकलर लाइन जागच्या जागी दिसते आणि मागच्या वेळचे शेरे पण. डेमो भारी होता, पण तो नव्याकोऱ्या ऑफिसचा, आमच्याकडे बहुतेक जुने टॉवर. खरंच उपयोग होईल का?

बिमवाला_पुणे
इमारतीच्या आत जीपीएसचा भरवसा नाही, टॅब कॅमेरा आणि मोशन सेन्सरवरूनच आपण कुठे आहोत ते ठरवतो, त्यामुळे लांब पॅसेज, कोऱ्या पांढऱ्या भिंती, अंधारा जिना अशा ठिकाणी खुणा सरकतात. प्रत्येक मजल्याच्या लॉबीत क्यूआर स्टिकर लावा आणि तिथे स्कॅन करूनच पुढे जा. खरी अडचण ड्रॉइंगची. जुन्या बिल्डिंगमध्ये नकाशात लाइन एकीकडे आणि पाइप भलतीकडेच, आणि स्क्रीनवर रंगीत पाइप दिसला की माणूस डोळे झाकून विश्वास ठेवतो हो. आधी ॲज-बिल्ट, म्हणजे प्रत्यक्षात जसं बांधलंय तसं ड्रॉइंग, करून घ्या. आणि होलोलेन्स या डोक्यावर घालायच्या एआर चष्म्याच्या नादी लागू नका, मायक्रोसॉफ्टने त्याचं उत्पादन 2024 मध्येच थांबवलंय, टॅब पुरतो.

निवृत्त_अग्निशामक
दादा, एआर जागा दाखवेल, पाणी येतंय का ते नाही सांगणार. सगळ्यात वरच्या मजल्यावरचा लँडिंग व्हॉल्व्ह (हायड्रंटचा नळ) हाताने उघडायचा, कितीतरी ठिकाणी चाक जाम असतं, होज बॉक्समधून नोझल गायब असतो, आणि गेज लावून साडेतीन बार मिळतं का ते बघायचं. फायर डोअर अर्धा उघडून सोडून द्या, आपोआप बंद होऊन लॅच लागली पाहिजे. यातलं काहीही टॅबवरून होणार नाही, आणि फॉर्म बी वर सही तुमच्याच एजन्सीची असते.
पण मागच्या वेळचा फोटो त्याच जागी समोर दिसणं, याला मी फार किंमत देतो. रिफ्यूज एरियात (आगीच्या वेळी थांबायची मोकळी जागा) कोणी ग्रिल ठोकलं, जिन्यात कपाट आलं, केबल-पाइपच्या शाफ्टमधलं आग-धूर अडवणारं बुजवण फोडून नवी केबल टाकली, हे दर सहा महिन्यांनी बदलतं आणि कागदावर टिक मारताना नजरेतून सुटतं. मुंबईत कमला मिलच्या आगीत 29 डिसेंबर 2017 ला 14 जीव गेले, बरेचसे बाथरूममध्ये गुदमरून. बाहेर पडायची वाट मोकळी आहे का, हे आधी बघा.

ठाणे_फायर
मनापासून आभार दोघांचे. मग साहेबांना सांगतो की पाइप दाखवणं सध्या राहू दे, एका टॉवरमध्ये फक्त जिने, रिफ्यूज आणि शाफ्ट एवढंच फोटोसकट टाकू. स्टिकर पोरं फाडतात त्याला काय करता?

बिमवाला_पुणे
इलेक्ट्रिक डक्टच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, नाहीतरी ते दार उघडून बघायचंच असतं.