टर्नरला त्याच्याच देशाने फसवलं की नाही?

जलरंग_वेडा: लंडनच्या टेट कलासंग्रहालयात दोनदा गेलो, दोन्ही वेळा चिडूनच बाहेर आलो. टर्नर, इंग्लंडचा चित्रकार, न्हाव्याचा पोरगा, १८५१ ला वारला तेव्हा मृत्युपत्रात मागणं साधं होतं, माझी पूर्ण झालेली चित्रं देशाला द्या पण एकत्र, माझ्या नावाच्या दालनात, आणि माझ्या पैशातून परिस्थितीने पिचलेल्या म्हाताऱ्या चित्रकारांसाठी घर बांधा. त्यासाठी ट्विकनहॅमला जमीनसुद्धा घेऊन ठेवलेली. चुलत नातेवाईक कोर्टात गेले, १८५६ मध्ये तडजोडीने निकाल लागला, पैसा बराचसा त्यांच्या घशात, चित्रं सरकारकडे. आणि दालन कधी? टेटमधली क्लोर गॅलरी, १९८७! फसवणूकच की ही, दुसरं काय.

वकिली_खाक्या: अहो, फसवणूक कसली. मृत्युपत्र लिहायचं, मग त्याला पुरवणी, मग पुरवणीला पुरवणी, असं केलं की कोर्टात भांडण होणारच, आमच्या गावाकडे विहिरीच्या हिश्श्यावरून जे चाललंय त्याची आठवण झाली. आणि चित्रांची एवढी काळजी होती तर जिवंतपणी काय केलं? क्वीन ॲन स्ट्रीटच्या त्याच्या स्वतःच्या गॅलरीचं छप्पर गळायचं, एक चित्र तर म्हणे मांजरी ये-जा करायच्या त्या खिडकीवर पडदा म्हणून टांगलेलं! वरून चटकन फिकट होणारे रंग वापरायचा, हे ठाऊक असून. राहिला पैसा, तर रॉयल अकादमीला, म्हणजे चित्रकारांच्याच संस्थेला, २०,००० पौंड मिळालेच की.

जलरंग_वेडा: @वकिली_खाक्या घर म्हटलं होतं त्याने, घर. ते कुठेय?

कच्चा_रेखाटनकार: दोघंही एक शब्द सोडताय, "पूर्ण झालेली". तडजोडीत सरकारला त्याच्याकडचं सगळंच मिळालं, पूर्ण, अर्धवट, वह्या, जवळपास ३०० तैलचित्रं आणि कागदावरचं काम हजारोंनी. मृत्युपत्र अक्षरशः पाळलं असतं तर 'नॉरहॅम कॅसल, सनराइज' हे अपुरं चित्र आपल्याला दिसलं असतं का? ते त्याने कधी प्रदर्शनात लावलंच नाही, लोकांनी पाहिलं १९०६ मध्ये. आज लोक ज्याच्यासमोर अर्धा अर्धा तास उभे राहतात, आधुनिक आधुनिक म्हणतात, ते बरंचसं त्याने अपुरं ठेवलेलंच आहे. म्हणजे त्याची इच्छा मोडली म्हणून तर तो एवढा मोठा दिसतो, राव. मला यात फसवणूक दिसत नाही, नशीब दिसतं.

जलरंग_वेडा: हे पटलं थोडंसं. पण जो माणूस पॉलिश न करता काही दाखवायचा नाही, व्हार्निशिंगच्या दिवशी, म्हणजे प्रदर्शन उघडण्याआधी, अकादमीत येऊन भिंतीवरच शेवटचे हात मारायचा, त्याच्या खोलीतला कच्चा माल बाहेर काढून तोच टर्नर म्हणून खपवायचा, हेही जरा खटकतंच ना.

कडू_कॉफी: तुम्ही त्याला पार बिचारा करून टाकलाय. १८०५ मध्ये याच माणसाने जमैकाच्या एका धंद्यात १०० पौंड घातले होते, तिथली कामं गुलामांकडून करून घेतली जायची. १८४० मध्ये गुलामांना समुद्रात फेकणाऱ्या जहाजाचं चित्र काढलं म्हणून लगेच माफ? आणि तेही चित्र ब्रिटनमध्ये नाहीच, बोस्टनला आहे.

वकिली_खाक्या: @कडू_कॉफी हा वेगळा धागा काढा. ३५ वर्षांत माणूस बदलू शकतो.

कडू_कॉफी: बदललाच असेल. पण वर चाललंय त्यात त्याचं सगळंच कौतुक आहे, म्हणून लिहिलं.

कच्चा_रेखाटनकार: एक राहिलंच. दोन चित्रं त्याने नॅशनल गॅलरीत सतराव्या शतकातल्या क्लोद लोरँ या चित्रकाराच्या चित्रांशेजारी लावायला सांगितली होती, कार्थेज शहर उभारणाऱ्या डायडो राणीचं आणि धुक्यातून वर येणाऱ्या सूर्याचं. ती लागलीत, अगदी शेजारी.

जलरंग_वेडा: ती पाहिलीत मी. म्हणजे जिथे पैसे लागत नव्हते तिथे ऐकलं म्हणायचं. घर मात्र नाहीच.