प्रतिसाद: भाळणे आणि भुलणे

भाळणे आणि भुलणे या दोन्ही शब्दांचा अर्थ एकच असं इथे कुणीतरी म्हटलंय, पण मला नाही पटत. प्रत्यय बघा ना, भाळतो तो कशावर तरी, तिच्या आवाजावर, त्याच्या साधेपणावर वगैरे, आणि भुलतो तो बहुतेक कशाला तरी, म्हणजे पेपरात रोज येतं तसं 'जादा परताव्याच्या आमिषाला भुलून लाखो गमावले', तिथे आमिषावर भाळून लिहून बघा, कानाला कसं खटकतं! भुलण्यात फसगत आहेच, चोखामेळ्याचं 'काय भुललासी वरलिया रंगा' आठवा, नुसतं वरवरचं बघून अक्कल गहाण टाकणं ते.

आणि भुलणेचं भुलवणे होतं, कोणीतरी मुद्दाम भुलवतं, पण भाळवणे असं मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. भाळणाऱ्याचं तो स्वतःच बघून घेतो, समोरच्याला बिचाऱ्याला पत्ताही नसतो बऱ्याचदा :) शिवाय भूल म्हटली की ऑपरेशनआधीची भूल, रानात पडणारी भूल, सगळीकडे भान जाणं आलंच, भाळलेला माणूस निदान जागा असतो.

मनाचा ओढा म्हणतो तो 'ओढा' मात्र वेगळं प्रकरण, त्याला 'कडे' लागतं, 'तिचा ओढा पहिल्यापासून सायन्सकडे', त्यात मोहबीह काही नाही, सरळ कल आहे. फक्त त्यावरून ओढवणे करायला जाऊ नका हां, ओढवतं ते संकट नाहीतर नामुष्की.

भाळणे हल्ली बोलण्यात कमीच, आमच्याकडे पोरं सरळ 'फिदा' म्हणतात आणि त्यालाही 'वर'च लागतं, तिच्यावर फिदा.