वेगेनरला नाकारणारे खरंच आडमुठे होते का?

कातळरेघ: जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनरने 1912 साली भूखंडवहनाचा, म्हणजे खंड जागचे सरकतात असा, सिद्धांत मांडला, भूशास्त्रज्ञांनी तो हसण्यावारी नेला आणि वेगेनर गेल्यावर तीसेक वर्षांनी तो खरा ठरला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. मला ती अर्धवट वाटते. विरोधकांचा सवाल साधा होता: एवढा भूखंड ढकलतंय कोण? वेगेनरचं उत्तर, पृथ्वीच्या फिरण्यातून येणारं बल आणि भरती-ओहोटीची ओढ. ही बलं किती तोकडी आहेत हे ब्रिटिश भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरल्ड जेफ्रीजने गणिताने दाखवलं, आणि त्याचं बरोबरच होतं. शिवाय वेगेनरच्या हिशेबाने ग्रीनलंड वर्षाला कित्येक मीटर सरकत होतं! अटलांटिक रुंदावतो वर्षाला दोन-चार सेंटिमीटर. का विश्वास ठेवायचा?

निरगाठ: ढकलणारा सापडला नाही म्हणून काही सरकलंच नाही? हिमयुगाचं कारण कळायच्या कितीतरी आधी हिमयुग मान्य झालं होतं, ते खुणा बघूनच. इथेही खुणा होत्याच की. हिमनदी पोटात अडकलेले दगड घासत पुढे जाते, खालच्या कातळावर समांतर चरे पडतात, आणि बर्फ कुठून कुठे गेला ते त्यावरून वाचता येतं. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीचे असे चरे दक्षिण अमेरिका, आफ्रिका, भारत, ऑस्ट्रेलिया सगळीकडे आहेत. ब्राझीलकडचे चरे बघितले तर बर्फ आजच्या समुद्राच्या बाजूने जमिनीवर आलेला दिसतो. समुद्रातून हिमनदी वर चढली कशी? आफ्रिका शेजारी आणून ठेवा, मग बोला.

कातळरेघ: चऱ्यांचा मुद्दा भारी आहे, मान्य. पण समुद्राच्या दोन्ही बाजूंना एकाच प्राण्याचे जीवाश्म कसे, याला तेव्हा दुसरं उत्तर होतं: भू-सेतू. खंडांना जोडणारी जमीन होती, नंतर ती बुडाली.

निरगाठ: इथेच तर गंमत आहे! मेसोसॉरस हा जेमतेम मीटरभर लांबीचा सरपटणारा प्राणी फक्त दक्षिण अमेरिकेत आणि दक्षिण आफ्रिकेच्या बाजूला सापडतो. त्याच्यासाठी अख्खा सेतू अटलांटिकमध्ये बुडवायचा? खंडांचा खडक समुद्रतळापेक्षा हलका, तो असा तळाशी जाऊन बसत नाही. हे वेगेनरने तेव्हाच सांगितलं होतं. म्हणजे सरकवणारं बल दाखवा म्हणणाऱ्यांकडे बुडवणारं बलही नव्हतं. त्यांना कुणी विचारलं?

वाळूघड्याळ: मध्येच बोलतो. यंत्रणा अगदीच नव्हती असंही नाही. प्रावरणातले, म्हणजे कवचाखालच्या जाड थरातले, उष्णतेचे प्रवाह खंडांना वाहून नेत असतील, असं ब्रिटिश भूशास्त्रज्ञ आर्थर होम्सने 1931 मध्ये छापलं होतं.

कातळरेघ: होम्सने स्वतःच ती अटकळ म्हटली होती. पुरावा आला तो समुद्रतळातून. समुद्रतळ मधून नवा तयार होत दोन्हीकडे पसरतो असं सांगणारा भूशास्त्रज्ञ हॅरी हेसचा 1962 चा लेख, मग 1963 मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज या भूशास्त्रज्ञांनी लावलेला समुद्रतळाच्या खडकातल्या चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ: समुद्रातल्या डोंगररांगेच्या दोन्ही बाजूंना सारखेच पट्टे, आरशात बघितल्यासारखे. आणि वेगेनरचे खंड समुद्रतळ नांगरत जात होते, ते चित्र तर चूकच निघालं. खंड आणि समुद्रतळ एकाच प्लेटवर, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यावर, बसून जातात. सेतूंचं तुमचं म्हणणं मात्र मी घेतो, तिथे दुटप्पीपणा झाला.

निरगाठ: नांगर चुकला, सरकणं चुकलं नाही. दक्षिण आफ्रिकेचा भूशास्त्रज्ञ डु टॉइट 1923 मध्ये दक्षिण अमेरिकेत जाऊन दोन्हीकडचे थर प्रत्यक्ष ताडून आला आणि वेगेनरच्या बाजूने उभा राहिला. नाकारणाऱ्यांपैकी किती जणांनी ते दोन्ही किनारे पायाखाली घातले होते?