अमेरिकेतले पिकअप एवढे मोठे का झाले? गरज म्हणून की कायद्यामुळे?

ऑस्टिनची_आई
शनिवारी किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये लेकीचा हात माझ्या हातात होता, म्हणून ती वाचली. एक पिकअप वळला आणि थेट आमच्यासमोर येऊन थांबला. लेक साडेतीन फुटांची आहे. बॉनेटची कड तिच्या डोक्याच्या वर, माझ्या छातीला लागेल इतकी उंच. चालवणारे गृहस्थ खाली उतरले तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. "मला ती दिसलीच नाही," एवढंच म्हणत होते. खरंच दिसली नसणार.

आम्ही इथे आलो तेव्हा शेजाऱ्यांकडे जुना फोर्ड रेंजर होता. बाजूला उभं राहून हौद्यातलं मातीचं पोतं उचलता यायचं. आता हौद्यात डोकावायचं तर टायरवर पाय द्यावा लागतो. २००९ मध्ये या देशात सुमारे ४,१०० पादचारी रस्त्यांवर मेले, २०२२ मध्ये साडेसात हजारांहून जास्त. या वाढीला रस्ते, वेग, फोन अशी बरीच कारणं आहेत. पण विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये सांगितलं की, ज्या गाडीचं बॉनेट ४० इंचांपेक्षा उंच, तिच्या धडकेत पादचारी मरण्याची शक्यता ठेंगण्या, उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त. एवढी उंची कोणाला हवी होती?

मिडलँडचा_साइटवाला
ताई, लेक सुखरूप आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. पण गरज नव्हती हे मला मान्य नाही. मी तेलविहिरींच्या साइटवर काम करतो. पहाटे चार माणसं, त्यांची हत्यारं आणि मागे नऊ हजार पौंडांचा ट्रेलर घेऊन निघतो. पूर्वी याला दोन गाड्या लागायच्या. जुन्या ट्रकमध्ये (इथे पिकअपलाही ट्रकच म्हणतात) तिघं एका बाकावर खांद्याला खांदा लावून बसायचे, एअरबॅगचं नाव नाही. आज मागच्या सीटवर माझी मुलंही बसतात. चार दारांची केबिन आली म्हणून आठ फुटांचा हौदा साडेपाच फुटांवर आला आणि ट्रक घरची गाडी झाला. लोकांनी पैसे मोजून हेच मागितलं.

आकडेमोड
मागितलं खरं, पण दुकानात दुसरं ठेवलंच कुठे होतं? १९७५ च्या कायद्यातून इंधन-बचतीचे नियम आले, तेव्हापासून ट्रकना कारपेक्षा सवलत मिळत आली. २००६ मध्ये ट्रकचे नियम बदलले आणि उद्दिष्ट गाडीच्या आकारावर ठरू लागलं : पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर गुणिले डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर. हा गुणाकार जितका मोठा, तितकं मायलेजचं उद्दिष्ट सोपं. मग छोटा ट्रक बनवून कंपनीने अवघड उद्दिष्ट कशाला ओढवून घ्यावं? रेंजर अमेरिकेत २०११ नंतर बंद झाला. २०१९ मध्ये परत आला तो थोराड होऊन.

त्यात १९६४ पासून परदेशी हलक्या ट्रकवर २५ टक्के आयात कर. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर कर लावला, त्याचं हे उत्तर. कोंबड्यांचं भांडण केव्हाच मिटलं, ट्रकवरचा कर राहिला.

जुने_इंजिन
कोंबडीकराने सगळं सांगून होत नाही. तो असतानाच सत्तरच्या दशकात टोयोटा आणि डॅटसनचे छोटे ट्रक इथे धडाक्यात खपले. हौद्याशिवाय सांगाडा आणायचा, त्यावर कर कमी, आणि हौदा इथे बसवायचा. १९८० मध्ये ही पळवाट बंद झाली.

२००६ च्या नियमाचंही तसंच. १९९४ चा डॉज रॅम आठवा, मुद्दाम मालवाहू ट्रकच्या तोंडवळ्याचा केलेला. तो खपला आणि बाकीच्यांनी तोच चेहरा घेतला. शिवाय तो गुणाकार लांबी-रुंदीचा आहे, उंचीचा नाही. बॉनेट उंच करा असं कोणत्याच कायद्याने सांगितलेलं नाही.

ऑस्टिनची_आई
हेच तर मला सलतंय. जास्त ओढायचं तर इंजिन थंड ठेवायला रेडिएटर मोठा लागतो आणि त्यामुळे बॉनेट उंच होतं, हे समजतं. पण आमच्या गल्लीतल्या पिकअपना मी आजवर ट्रेलर जोडलेला पाहिला नाही. आणि छोटं कोणाला नको, हेही खरं नाही. फोर्डने २०२२ मॉडेलचा मॅव्हरिक वीस हजार डॉलरच्या आसपास आणला, तर मागणीपुढे कंपनीला ऑर्डरी थांबवाव्या लागल्या. पुण्याला माझा भाऊ नर्सरीची रोपं छोट्या हत्तीतून पोचवतो. गल्लीत उलटा घेतो, आणि समोर काय आहे ते सीटवरून दिसतं.

मिडलँडचा_साइटवाला
छोटा हत्ती माझा ट्रेलर ओढणार नाही, ताई. तो मुद्दा मी सोडत नाही. पण तुमचं वाचून काल टेप घेऊन बाहेर गेलो. माझ्या ट्रकचं बॉनेट ५४ इंच भरलं. साइटवरचा २८ इंची नारिंगी शंकू बंपरसमोर ठेवला, सीटवर बसलो, दिसेना. मुलाला तो मागे मागे सरकवायला लावला. टोक दिसलं ते अकरा फुटांवर. माझी धाकटी तीन वर्षांची आहे. कंपनीच्या यार्डात सगळ्या गाड्यांना पुढचा कॅमेरा बसवा म्हणून आज अर्ज दिला.