रविवारचं रक्तदान शिबिर: टेस्ट करून घ्यायला येऊ नका

सेक्रेटरी: रविवारी सकाळी ९ ते १, क्लब हाऊसमध्ये रक्तदान. नावं आजच द्या.

बी-३०४: माझं घ्या. कॉलेज रोडला मार्चमध्ये टॅटू काढलाय, तेव्हापासून कावीळ बीची धाकधूक आहे. इथे फुकटात टेस्टही होईल.

सी-१०२: दादा, हात जोडून सांगते, टेस्टसाठी रक्त देऊ नका. मी ब्लड बँकेतच कामाला आहे. पिशवीसोबत छोट्या नळ्या भरतो, त्यांतून एचआयव्ही, हिपॅटायटिस बी (म्हणजेच कावीळ बी) आणि सी, सिफिलिस, मलेरिया तपासतो. बीसाठी विषाणूच्या आवरणाचं प्रथिन शोधतो, एचबीएसएजी. पण लागण झाल्यावर पहिले काही आठवडे ते इतकं कमी असतं की एलायझा या नेहमीच्या तपासणीत दिसतच नाही. विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या नॅट टेस्टने हा काळ कमी होतो, संपत नाही. आणि एका पिशवीतून लाल पेशी, प्लेटलेट, प्लाझ्मा वेगळे होऊन तीन जणांना जाऊ शकतात. म्हणून टॅटूनंतर 12 महिने रक्त घेत नाहीत. फॉर्मवर खरं लिहा, प्लीज. तुम्हाला तपासायचंच असेल तर लॅबमध्ये एचबीएसएजी करा.

ए-५०१: ताई, मागच्या शिबिरानंतर आमच्या भाऊजींना फोन आला होता, पुन्हा येऊन भेटा म्हणून. हिपॅटायटिस बीची टेस्ट रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे संशयित आली होती. ते गेलेच नाहीत. सासूबाईंनी त्यांचं ताट वेगळं केलं, पेल्याला लाल धागा बांधला. अजून तसाच आहे.

सी-१०२: वहिनी, धागा आजच काढा. एका ताटात जेवून हा आजार होत नाही. रक्तातून, असुरक्षित संबंधातून, आईकडून बाळाला होतो. फक्त रेझर, नेलकटर, टूथब्रश त्यांचे वेगळे ठेवा. शिवाय एकदा रिअ‍ॅक्टिव्ह आलं म्हणजे आजार ठरला असं नाही, परत तपासावं लागतं. तो फोन त्यासाठीच असतो. तो टाळला आणि आजार खरंच असला, तर तो वर्षानुवर्षं गुपचूप यकृत खराब करू शकतो, भाऊजींना काही जाणवणारही नाही. औषधाने विषाणू आटोक्यात राहतो. 2018 पासून सरकारी कार्यक्रमात तपासणी आणि उपचार मोफत आहेत, त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला चौकशी करा. जाऊबाईंची आणि मुलांचीही तपासणी करा. निगेटिव्ह असतील आणि लस झालेली नसेल तर तीन डोस: आज, महिन्याने, सहा महिन्यांनी.

ए-५०१: सोमवारी मीच घेऊन जाते त्यांना. ताई, तुम्ही याल का सोबत?

सी-१०२: येते. उपाशीपोटी यायची गरज नाही, सांगा त्यांना.

बी-३०४: म्हणजे मी रविवारी येऊ नको?

सी-१०२: या की! नोंदणीच्या टेबलावर माणूस हवाय. रक्त पुढच्या वर्षी मार्चनंतर द्या.