मदत हवी आहे : रेशमी साड्या घरी धुवाव्यात का?

नमस्कार मंडळी. लग्नसराई संपली आणि कपाटाबाहेर सात साड्यांचा ढीग पडलाय. कोपऱ्यावरचा ड्रायक्लीनवाला साडीमागे ३५० रुपये मागतो, म्हणजे जवळजवळ अडीच हजार! गेल्या वेळी पदराला रॉकेलसारखा वास येत होता तो निराळाच.

म्हणून या वेळी घरीच करायचं ठरवलं. सुरुवात इरकलीपासून. आठ-दहा रिठे रात्री भिजत घातले, सकाळी कुस्करून पाणी गाळलं, ते बादलीभर गार पाण्यात मिसळून साडी पाचेक मिनिटं बुडवली. पिळली नाही, जुन्या पंच्यात गुंडाळून दाबली आणि सावलीत वाळवली. झकास निघाली. फक्त सुती फॉल आटला आणि खाली सगळ्या चुण्या पडल्या. फॉल आधी भिजवून न लावल्याची शिक्षा, दुसरं काय.

नारायणपेठीने मात्र घाम फोडला. आतल्या टोकाला ओला पांढरा रुमाल दाबून पाहिला, तर लालभडक ठसा! काठाचा तो लाल मोरपंखी अंगावर उतरला तर साडीची वाटच लागेल. सासूबाई म्हणतात, मिठाच्या पाण्यात बुडव. पण कच्चा रंग मिठाने थांबतो यावर माझा विश्वास नाही. कुणी करून पाहिलंय?

आणि पैठणीच्या पदरावर श्रीखंडाचा रुपयाएवढा डाग आहे. टाल्कम पावडर रात्रभर ठेवली. तेलकटपणा गेला, केशराचा पिवळा तसाच. जरीला पाणी लावायची हिंमत होत नाही. तेवढाच डाग काढता येतो, की ही एक मुकाट्याने ड्रायक्लीनला देऊ?