डायलिसिसचा पेशंट कोविड पॉझिटिव्ह, पुढचं डायलिसिस सहा दिवसांनी. तोवर काय सांभाळायचं?

सायली_नाशिक (एप्रिल २०२१)
बाबा ६३ वर्षांचे, डायलिसिस मंगळवार-शुक्रवार. मंगळवारचं झालं आणि आरटीपीसीआर पॉझिटिव्ह आली. नेहमीचं सेंटर आता घेत नाही, कोविडवाल्या सेंटरमध्ये सोमवारचा नंबर आहे. ताप १००, ऑक्सिजन ९६, लघवी दिवसाला जेमतेम १०० मिली. सगळे शहाळं, मोसंबी, काढा द्या म्हणतात. देऊ का?

आहारवाली
शहाळं-मोसंबी अजिबात नको. डायलिसिस लांबलं की पोटॅशियम आणि पाणी या दोनच गोष्टी जिवावर उठतात. एका शहाळ्यात ५००-६०० मिग्रॅ पोटॅशियम असतं, अख्ख्या दिवसाची मर्यादा साधारण २०००. 'लो सोडियम' मीठ तर घरातूनच काढा, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. बटाटा सोलून, बारीक चिरून दोन तास कोमट पाण्यात ठेवा, ते पाणी ओता, नव्या पाण्यात उकडा, तेही ओता.
पाणी म्हणजे लघवी अधिक ५००, तुमच्याकडे ६०० मिली. सकाळी तेवढी बाटली भरा. चहा, ताक, काढा, गोळीबरोबरचा घोट, काहीही दिलं की तेवढं बाटलीतून ओतून टाका. काढा चालेल का यापेक्षा किती, हे बघा. मीठ कमी केलंत तर तहानही कमी लागेल.

डायलिसिस_टेक
सोमवारपर्यंत गप्प बसू नका. सेंटरला रोज फोन करा, शेवटच्या शिफ्टमध्ये ऐन वेळी जागा होते. गर्दीत चारचे तीन तास करतात, एवढ्या गॅपनंतर पूर्ण चार मागा. सोबत ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचं वजन), मागच्या डायलिसिसचा चार्ट, हेपरिनचा (रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध) डोस आणि एचआयव्ही, हिपॅटायटिस बी-सीचे रिपोर्ट न्या. नव्या ठिकाणी बहुतेक वेळा यावरच अडतं.
फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेल्या शिरेच्या) हाताला बीपीचा पट्टा नाही, इतर सुई नाही. फिस्टुलाची थरथर सकाळ-संध्याकाळ बोटांनी बघा. बीपी उतरलं की फिस्टुला गोठू शकतो. थरथर लागली नाही तर त्याच दिवशी कळवा.

सायली_नाशिक
दम लागला तर तो कोविडचा की पाण्याचा?

नेफ्रो_डॉक
आडवं झाल्यावर दम, पायाला सूज, वजन चढलेलं, बीपी जास्त: संशय पाण्याचा. वजन तेवढंच, पण चालल्यावर ऑक्सिजन उतरतो: न्यूमोनियाचा. अनेकदा दोन्ही असतं, म्हणून निदान घरी करत बसू नका. ९४च्या खाली गेलं की हॉस्पिटल, आणि दारातच 'डायलिसिसचा पेशंट' असं सांगा. नुसता ऑक्सिजन लावून पाणी उतरत नाही.
वजन रोज सकाळी, त्याच काट्यावर. ड्राय वेटच्या दोन किलो वर गेलं, हातपाय गळाले किंवा नाडी मंदावली तर लगेच ईसीजी आणि रक्तातल्या पोटॅशियमची तपासणी. कधी कधी आधी काहीच जाणवत नाही. तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि त्यांच्या कॉम्बिनेशन गोळ्या नकोत.
रेमडेसिविरच्या रांगेत धावू नका. जीएफआर (किडनीची गाळण्याची क्षमता) ३०च्या खाली असेल तर लेबलवरच त्याची शिफारस नाही (हे २०२१चं; अमेरिकेच्या लेबलवरून ही अट २०२३ मध्ये निघाली). ती धावपळ डायलिसिसच्या जागेसाठी करा.